चौथ्या रकान्यात रोही नव्हते

(पडद्यावर पहाट. दर्यापूरहून मूर्तिजापूरकडे जाणारा रस्ता. दोन्हीकडे सपाट काळं रान, मध्येच एखादं बाभळीचं झाड.)

हा खारपाणपट्टा. पूर्णा नदीचं खोरं, अकोला अमरावती बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. माती अशी काळीभोर की बाहेरच्या माणसाला वाटावं इथं काय सोनं पिकत असेल, पण विहीर खोदली की खारं पाणी लागतं, आणि ते पाणी वावराला देत राहिलं तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक होऊन बसते, म्हणून शहाणा माणूस देतच नाही. सगळा भरवसा पावसावर. कापूस, तूर, मूग, आणि ओल टिकली तर हरभरा.

इथं मी चार वर्षं काढली. बाहेरच्या देशातल्या एका देणगीदाराच्या पैशावर चाललेला प्रकल्प होता, नाव नाही घेत, माणसं मनानं चांगलीच होती. मी फील्ड कोऑर्डिनेटर, म्हणजे दिवसा गाडीवर आणि रात्री एक्सेलमध्ये.

(चावडीसमोर बसलेली माणसं.)

गावात कोणताही प्रकल्प आला की लोक एकच म्हणतात, फॉरेनचा फंड आला. पण फंडाफंडात फरक आहे. विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत 2009 ला मंजूर झालेला केम प्रकल्प होता, त्यात रोमच्या आयफॅडचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शेतीसाठीच्या निधीचा पैसा होता. नंतर 2018 पासून पोकरा आला, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, सुमारे 4000 कोटींचा, त्यासाठी जागतिक बँकेनं 42 कोटी डॉलर दिले. दिले म्हणजे कर्ज दिलं बरं का, फुकट नाही, ते राज्यानं फेडायचं आहे. पोकरात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायचा, त्याचं गणित आयआयटी मुंबईच्या मदतीनं बसवलं, आणि मग त्यावरून गावाचा आराखडा, कल्पना मला खरंच आवडली होती. फक्त अनुदान नंतर खात्यात, आधी खर्च शेतकऱ्यानं करायचा, म्हणजे ज्याच्याकडे आधीच चार पैसे आहेत त्याचं शेततळं आधी. हे काही लपलेलं नाही, कोणत्याही पारावर विचारा.

आमचा प्रकल्प त्यामानानं चिल्लर. चाळीस शेततळी, तुषार संच, रब्बीत हरभऱ्याला दोन पाणी. तेवढंच.

(टेबलावर उलगडलेला मोठा कागद. चार आडव्या ओळी, चार उभे रकाने.)

याला लॉगफ्रेम म्हणतात. 1969 च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी मदतसंस्थेसाठी तयार झालेली पद्धत, आता जगात कुठंही फंड मागायला गेलात तर हा कागद किंवा याचाच कुणीतरी भाऊबंद भरावा लागतो. उभं वाचलं तर खाली काम, त्यावर कामातून निघालेली वस्तू, त्यावर त्या वस्तूमुळं झालेला बदल, आणि सगळ्यात वर मोठं ध्येय. आडवं वाचलं तर पहिल्या रकान्यात काय करणार, दुसऱ्यात ते कशावरून मोजणार, तिसऱ्यात पुरावा कुठून आणणार. आणि चौथा रकाना गृहीतकांचा, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या पण झाल्याच पाहिजेत अशा गोष्टी.

पहिले तीन रकाने भरायला आम्हाला पंधरा दिवस लागले, सल्लागार बसले, गावात रांगोळीनं नकाशे काढले, बायकांची बैठक वेगळी घेतली. चौथा रकाना शेवटच्या रात्री अकराला भरला. मीच भरला. पाऊस सरासरीइतका होईल, बाजारभाव स्थिर राहतील, गावाचं सहकार्य मिळेल. पाठव. पाऊस आणि भाव, विदर्भात! आज ते वाक्य वाचलं की माझं मलाच हसू येतं, म्हणजे अख्खं गाव ज्या रकान्यात राहतं तो आम्ही पाच मिनिटांत उरकला.

(जुलै. चिखलात रुतलेला जेसीबी.)

देणगीदाराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं वर्ष मृगापासून. पहिला हप्ता आला जुलैत. काळ्या मातीत जुलैत जेसीबी घातला की काय होतं ते बघताय ना तुम्ही, तो काढायलाच दुसरा आणावा लागला. खोदकाम पुढच्या मार्चवर गेलं आणि अहवालात आमच्या नावापुढं लाल रंग, विलंब. मेलवर खुलासा विचारला तर मी लिहिलं, जमीन ओली आहे. उत्तर आलं, याचा अंदाज आधी का घेतला नाही. बरोबरच होतं म्हणा त्यांचं.

त्यातच 2020 ची एफसीआरए दुरुस्ती आली, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातली. परदेशी पैसा आता दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवायचा, प्रशासकीय खर्च 50 टक्क्यांवरून 20 वर, आणि एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येणार नाही. आमच्यासोबत तालुक्यातली एक छोटी संस्था होती, तिची पोरं गावातलीच, कुणाचं वावर कोणत्या धुऱ्याला आहे ते त्यांना तोंडपाठ. त्यांचा निधी तिथंच थांबला. पुढं गावात जायला उरलो आम्ही, म्हणजे गाडीवर येणारे.

(एका घराची ओसरी. बाई तुरीची डाळ पाखडतेय.)

बेसलाइन सर्व्हे याच ओसरीवर केला होता. बेसलाइन म्हणजे काम सुरू व्हायच्या आधीची परिस्थिती, नंतर फरक मोजता यावा म्हणून. खरं सांगायचं तर आमची बेसलाइन झाली तेव्हा अर्धी तळी खोदून झाली होती, अशी गत मी दुसरीकडंही पाहिली आहे. तर मी काकूंना विचारलं, गेल्या साली हरभरा किती झाला? त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्या हातातल्या टॅबकडं पाहिलं आणि म्हणाल्या,

"कमी सांगू का जास्त सांगू भाऊ? तुमाले कोन्तं पाह्यजे?"

चेष्टा नव्हती ती. आधी एकदा कमी सांगितलं तर बी-बियाणं भेटलं होतं आणि एकदा जास्त सांगितलं तर प्रगतशील शेतकरी म्हणून सहल भेटली होती. त्यांचा हिशेब आमच्यापेक्षा पक्का होता. मी काय लिहिलं? चार क्विंटल. तो आकडा पुढं तक्त्यात गेला, त्यावर टक्केवारी निघाली, त्या टक्केवारीचा रंगीत ग्राफ झाला.

(हिवाळा. हिरवागार हरभरा, तुषारचे फवारे.)

दुसऱ्या वर्षी तळी भरली आणि हरभऱ्याला पाणी मिळालं. हे खरं आहे, डोळ्यांनी पाहिलंय, या मातीत असा हरभरा कमी बघायला मिळतो. पण आसपास सगळं रान वाळलेलं आणि मध्ये चाळीस हिरवे तुकडे, म्हटल्यावर रोही, म्हणजे नीलगाई, येणारच. रात्रीतून कळपच्या कळप. मागून रानडुकरं. त्यात शेतीची लाईन रात्रीची, म्हणजे माणसानं मोटार पण चालू करायची आणि राखण पण करायची, थंडीत, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. रोही पाणी प्यायला तळ्यात उतरले की खुरांनी तळ्यात अंथरलेलं प्लास्टिक फाटतं. एकदा फाटलं की पाणी दिसत दिसत उतरतं.

लोक म्हणाले, झटका मशीन द्या, कुंपणाचं. बजेटमध्ये ती ओळच नव्हती. बजेटच्या एका हेडवरचा पैसा दुसऱ्या हेडवर न्यायला लेखी मंजुरी लागते, मेल केला, त्यांनी कारणमीमांसा मागितली, ती केली, मग विचारलं की नीलगाय हा धोका मूळ आराखड्यात का नमूद नाही. मंजुरी आली तेव्हा हरभरा निघून गेला होता, जो उरला होता तो.

तिसऱ्या साली निम्म्या लोकांनी रब्बी पेरलीच नाही.

(मोबाईलमधले फोटो, एकामागून एक. प्रत्येकावर तारीख आणि अक्षांश-रेखांश.)

मॉनिटरिंगमध्ये मात्र आम्ही पैकीच्या पैकी. चाळीसपैकी चाळीस तळी पूर्ण, प्रत्येकाचा जिओटॅग फोटो. फोटोत तळं आहे. तळ्याचं काय झालं ते फोटोत कसं येणार.

मग मूल्यमापन. त्याचे निकष ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्या डॅक, म्हणजे विकास-मदतीच्या समितीनं 1991 ला ठरवलेले, पाच, आणि 2019 ला सहावा जोडला, सुसंगतीचा. साध्या भाषेत, लोकांना हे हवं होतं का, इतर योजनांशी जुळलं का, ठरवलेलं झालं का, पैसा नीट लागला का, त्यातून काय बदललं, आणि आपण गेल्यावर ते टिकेल का. प्रश्न चांगलेच आहेत, मी तर म्हणतो यातला शेवटचा पहिल्याच दिवशी विचारावा. पण मूल्यमापनाची टीम आली जानेवारीत, दोन दिवस, आणि आम्ही त्यांना नेलं डांबरी रस्त्यालगतच्या तळ्यांवर. ग्रामीण विकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी हेच कितीतरी आधी लिहून ठेवलंय, पाहुणे चांगल्या ऋतूत येतात आणि पक्का रस्ता सोडत नाहीत. मी ते वाचलेलं होतं. तरी तिकडंच नेलं, गाडी चिखलात फसली असती तर वेळापत्रक कोण सांभाळणार होतं.

शेरा मिळाला समाधानकारक.

(एप्रिल. तेच गाव, तीन वर्षांनंतर. कॅमेरा बांधावर चढतो.)

काकूंचं तळं. प्लास्टिक काढून घेतलंय, त्यातलं निम्मं घरावर ताडपत्रीसारखं बांधलंय, निम्मं कुटाराच्या ढिगावर. तळाशी भेगा पडलेली माती आणि कडेला पऱ्हाट्यांचा भारा. आमचं शूटिंग चालू होतं तेवढ्यात गाडीवर एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कुठल्या तरी नव्या प्रकल्पाचा सर्व्हे.

"मावशी, शेततळं आहे का तुमच्याकडे?"

"आहे नं."

त्यानं टॅबवरच्या 'हो'वर बोट ठेवलं, तळ्याचा एक फोटो काढला, आणि रेंज नव्हती म्हणून टॅब वर धरून बांधाच्या टोकापर्यंत चालत गेला.