शेतावरची छपरी, वादळानंतर

श्रोतेहो, नमस्कार.

घर दांडिया बाजारात नाहीतर रावपुऱ्यात आणि शेती पादऱ्याकडे किंवा डभोईकडे, अशी आपली बरीच मराठी मंडळी बडोद्यात आहेत. तौक्ते चक्रीवादळ 17 मे 2021 च्या रात्री किनाऱ्यावर आलं ते सौराष्ट्रात उन्याजवळ, पण वारा इथपर्यंत पोहोचला. एवढं मोठं वादळ लागतंच असंही नाही. वळवाची एक जोराची सर आली तरी शेतावरच्या गुरांच्या छपरीचे पत्रे शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पडतात.

दुसऱ्या दिवशी शेतावर गेलात की आधी वीज बघा. तुटकी तार पत्र्याला टेकलेली असली तर मेन स्विच बंद करा आणि वीज कंपनीचा माणूस येईपर्यंत कशालाही हात लावू नका. आवरायला घेण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा आणि तलाट्याला कळवा. मदतीच्या भरवशावर मात्र राहू नका. केंद्राच्या 2022 ते 2026 च्या निकषांत गोठ्याला 3000 रुपये होते, तेही गोठा घराला लागून असेल तर. जुने सिमेंटचे पत्रे फुटले असतील तर त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. तुकडे पाण्यानं भिजवून, तोंडाला मास्क लावून उचला, झाडू मारू नका.

आता मुख्य गोष्ट. पत्रा उडाला की आपण म्हणतो, पुढच्या वेळी जाड पत्रा टाकू. माझ्या मते तो पैसा चुकीच्या जागी जातो. बांधकामाच्या भारतीय मानकात बडोद्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी 158 किलोमीटर. त्या वेगाला दाब चौरस फुटाला सुमारे 11 किलो होतो. अर्धा मिलिमीटर पत्रा चौरस फुटाला अर्धा किलोही भरत नाही. शिवाय वारा छपराला खाली दाबत नाही, वर ओढतो, आणि कोपऱ्यांना व वळचणीला सगळ्यात जास्त. छपरी एका बाजूनं उघडी असेल आणि ते तोंड वाऱ्याकडे असेल, तर आत शिरलेला वाराही खालून ढकलतो. पत्र्यावर ठेवलेले दगड अशा वेळी काही धरून ठेवत नाहीत, उलट कुणाच्या तरी डोक्यात जातात.

म्हणून ताकद सांध्यांत घाला. पत्रा वाशाला, वासा खांबाला, खांब जमिनीला. यातला एक सांधा कच्चा राहिला तर बाकीचे पक्के असून उपयोग नाही. नुसते पत्रा वाशाला धरणारे हूक बदलले तर पुढच्या वेळी पत्रा वाशासकट जातो. सरळ झालेले जुने जे-हूक ठोकून पुन्हा वापरू नका. भोकं फाटली असतील तर पत्रा उलटसुलट फिरवून कोऱ्या जागी भोक पाडा, पन्हळीच्या उंचवट्यावर, आणि नटाखाली रबरी वायसर घाला. कडेला हूक जवळजवळ हवेत, मध्ये थोडे लांब चालतील. वासा खांबाला तारेनं बांधलेला असेल तर तिथे लोखंडी पट्टी आणि बोल्ट लावा. खांबासाठी दीड फूट लांब-रुंद, अडीच फूट खोल खड्डा काँक्रीटनं भरला की बुंध्याला पावणेचारशे किलोच्या आसपास वजन मिळतं. खांबाच्या तळाला आडवी सळई घातलेली असली पाहिजे, नाहीतर खांब त्यातून अलगद उपसून येतो.

पावसाळी वारा आपल्याकडे नैऋत्येचा. नव्यानं उभारायचंच असेल तर उघडं तोंड पूर्वेला फिरवा. पत्रे टाकायला पूर्वेकडून सुरुवात करा, म्हणजे जोडाची तोंडं वाऱ्याकडे येणार नाहीत.

महिन्याभरानं पाना घेऊन एकदा वर चढा. लाकूड वाळलं की बोल्ट सैल पडतात. चढताना पाय पत्र्यावर नको, आडव्या फळीवर ठेवा, आणि खाली शिडी धरायला कुणीतरी असू द्या.