राउटर उलटा केला की काय काय उलटं होतं

मंडळी, हा राउटर, म्हणजे लाकडात खाचा आणि कडांना नक्षी मारायचं मशीन, मी आत्ता हातात धरलाय. प्लग काढलेला आहे. दोन्ही हात दोन मुठींवर, बिट, म्हणजे फिरून लाकूड कापणारं पातं, खाली, लाकडाच्या दिशेला. मशीन चालू असतं तरी माझी बोटं बिटापर्यंत पोचली नसती, कारण ती मुठींत गुंतलेली आहेत. आता हाच राउटर मी उलटा करतो आणि या टेबलाखाली बसवतो. बिट वर आलं. मशीन एका जागी थांबलं आणि लाकूड चालायला लागलं. माझे हात आता मुठींवर नाहीत, लाकडावर आहेत, आणि लाकूड बिटाकडे चाललंय.

आज मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एका उलटण्यातून निघतं. राउटर टेबल विकत घ्या नाहीतर प्लायवूडचं घरी बनवा, हे उलटणं डोक्यात नीट बसलं नाही तर लाकूड टेकवून सरकवायची महागडी पट्टी, म्हणजे फेन्ससुद्धा तुम्हाला वाचवणार नाही.

आमच्या घरात सुतारकाम पिढ्यांचं. वडिलांकडे गलत्याचे, म्हणजे लाकडाच्या कडेला नक्षी काढायचे रंधे होते, प्रत्येक नक्षीला वेगळा. लाकूड बेंचवर घट्ट अडकवायचं आणि दोन्ही हातांनी रंधा चालवायचा. लाकूड थांबतं, हत्यार चालतं, ही आपल्या हातांना लागलेली सवय. टेबलवर नेमकी तीच मोडावी लागते. म्हणून वीस-वीस वर्षं काम केलेल्या मिस्त्री मंडळींना माझी विनंती आहे, की इथे शिकाऊ मुलांइतकंच लक्ष द्या. जुना हात इथे जास्त चुकतो, हे मी पाहिलेलं आहे.

आधी दिशा. राउटर सरळ धरला की वरून बघताना बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. उलटा केला की वरून बघताना ते काट्यांच्या उलट फिरतं. तुम्ही टेबलासमोर उभे आहात, बिटाच्या मागे फेन्स आहे आणि बिटाची पुढची कड तुमच्याकडे उघडी आहे. ही उघडी कड डावीकडून उजवीकडे धावते. लाकूड तिच्या विरुद्ध द्यायचं, म्हणजे उजवीकडून डावीकडे. असं दिलं की धार लाकडाला थोडं मागे रेटते, आणि त्याच वेळी फेन्सकडे ओढून धरते. हाताला सारखा विरोध जाणवत राहतो. तो विरोध जाणवतोय तोवर लाकूड तुमच्या ताब्यात आहे.

उलट बाजूनं दिलंत तर विरोध संपतो. धार लाकडात चढते आणि ते स्वतःच पुढे ओढून नेते. लाकूड एकदम निसटलं की त्याला रेटत असलेले हात रिकामे होतात आणि जोरात पुढे जातात. पुढे बिट असतं.

याहून फसवी गोष्ट मी स्वतः केलेली आहे. सागवानाची एक पट्टी दोन मिलिमीटर जास्त रुंद होती. मला वाटलं, फेन्स मागे घेऊ, पट्टी फेन्स आणि बिट यांच्या मधून काढू, रुंदी सरळ मापात येईल. लाकूड उजवीकडून डावीकडेच देत होतो, म्हणजे नियम पाळला असंच मनात होतं. पण पट्टी आता बिटाच्या मागच्या कडेला घासत होती, आणि मागची कड उजवीकडून डावीकडे धावते. पट्टी आणि धार एकाच दिशेला. पट्टी हातातून सुटली आणि समोर भिंतीला टेकवून ठेवलेल्या प्लायमध्ये घुसून उभी राहिली. त्या बाजूला रोज एक मुलगा पॉलिशपेपर मारत बसायचा. त्या दिवशी तो सुट्टीवर होता. त्यानंतर फेन्स आणि बिट यांच्या मधून मी लाकूड काढलेलं नाही, आणि माझ्याकडे शिकणाऱ्या कुणालाही काढू देत नाही.

याच चुकीचं एक लपलेलं रूप आहे, ते नीट समजून घ्या. कपाटाच्या शटरच्या चौकटीला पॅनेलसाठी सहा मिलिमीटरची खाच मारली. प्लाय आणला तर तो जरा जाड निघाला. खाच अर्धा मिलिमीटर रुंद करायची आहे. फेन्स कुठे सरकवाल? पुढे, म्हणजे स्वतःकडे ओढलीत, तर बिट खाचेची फेन्सकडची भिंत कापायला लागेल, आणि लाकूड ओढलं जाईल. फेन्स मागे ढकललीत तर तुमच्या बाजूची भिंत कापली जाईल, आणि लाकूड ताब्यात राहील. म्हणून खाच रुंद करायची तर फेन्स नेहमी मागे. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. कागदावर गोल काढून, त्याला बाण काढून मी ती समजून घेतली. तुम्हीही आज घरी गेल्यावर तो गोल काढा.

आता टेबल. वरचा पृष्ठभाग सपाट हवा, बाकी सगळं दुय्यम. १८ मिलिमीटरचे दोन प्लाय चिकटवा किंवा २५ मिलिमीटरचा एमडीएफ घ्या, पण सनमायका दोन्ही बाजूंना लावा. एकाच बाजूला लावला की एक अंग दमट हवा पितं, दुसरं पीत नाही, आणि फळी वाकते. कोकणातला पावसाळा ज्यानं पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. एमडीएफच्या उघड्या कडा आणि राउटरसाठी कापलेलं भोकही सील करा, नाहीतर नेमकी तिथेच फुगते.

राउटर ज्या प्लेटवर लटकतो ती प्लेट टेबलाशी एकसमान बसली पाहिजे. बोट फिरवून भागत नाही. पोलादी पट्टी उभी धरून प्लेट आणि टेबल यांच्यावरून आडवी न्या, खालून उजेड दिसतो का बघा. डावीकडे, जिथे लाकूड बाहेर पडतं, तिथे टेबलाची कड केसभरही वर असेल तर लाकडाचं टोक तिथे अडकतं. अडकलं की माणूस नकळत जोर लावतो, आणि जोर लावलेला हात घसरतो. राउटरच्या टेबलवरचे बरेच अपघात बिटापाशी सुरू होत नाहीत, ते अशा एखाद्या कडेपाशी सुरू होतात.

फेन्सबद्दल एक गोड बातमी आहे. टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल करवतीवर, फेन्स पात्याला समांतर करताना जीव जातो. इथे समांतर करायला काही नाहीच. बिट गोल आहे, त्यामुळे फेन्स तिरकी असली तरी चालते, फक्त बिटापासूनचं अंतर महत्त्वाचं. याचा फायदा घ्या. बिट मधोमध असेल तर एक टोक क्लॅम्पनं पक्कं करा आणि दुसरं टोक एक मिलिमीटर सरकवा, बिटापाशी ती अर्धाच मिलिमीटर सरकते. बारीक मापं अशी सहज साधतात. फेन्सचे पुढचे दोन भाग बिटाच्या जेवढे जवळ आणता येतील तेवढे आणा. मधली फट मोठी ठेवली तर छोट्या तुकड्याचं टोक तिच्यात शिरतं.

कॉलेटकडे, म्हणजे बिटाची दांडी पकडून ठेवणाऱ्या चिमट्याकडे, आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं, आणि त्याला एक कारण बाजारातच आहे. आपल्या दुकानांत मिलिमीटरची आणि इंचाची बिटं शेजारी शेजारी लटकलेली असतात. पाव इंचाची दांडी ६.३५ मिलिमीटर, तिच्या शेजारी ६ मिलिमीटरची. अर्ध्या इंचाची १२.७, तिच्या शेजारी १२ ची. डोळ्यांना फरक कळत नाही. पाव इंचाच्या कॉलेटमध्ये ६ ची दांडी घालून नट आवळला तर हाताला घट्ट झाल्यासारखं वाटतं. पण पकड सगळीकडून बसलेली नसते. काम करताना बिट हळूहळू वर सरकतं, खाच खोल होत जाते, आणि शेवटी बिट सुटूही शकतं. खिशात व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायची मापपट्टी, ठेवा. प्रत्येक नवी दांडी मोजा, आणि पेटीवर मार्करनं माप लिहून टाका.

दांडी तळापर्यंत घालायची, मग दोन-तीन मिलिमीटर वर घ्यायची आणि तशीच आवळायची. तळाला टेकलेली दांडी नट आवळताना खाली जाऊ शकत नाही, आणि पकड अर्धवट राहते. उंची कमी पडते म्हणून दांडी खूप बाहेरही काढू नका, किमान २० मिलिमीटर आत असू द्या. नट आवळायचे दोन्ही पाने एका तळव्यात मावतील असे लावा आणि मूठ मिटल्यासारखे आवळा. पण बोटं पान्यांच्या मध्ये घालू नका.

वेग. २५ मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला २४,००० फेरे चालतात. त्याच वेगानं ८० मिलिमीटरचं, पॅनेलच्या कडा उतरवायचं मोठं बिट फिरवलं तर त्याची बाहेरची धार सेकंदाला १०० मीटर धावेल, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. अशी बिटं १०,००० च्या आसपास चालवायची असतात. बिटावर किंवा त्याच्या पाकिटावर कमाल वेग लिहिलेला असतो, तो पाळा. ज्या राउटरला वेग कमी-जास्त करायचं चाक नाही त्याला मोठं बिट लावूच नका. आपल्याकडे सनमायका कापायचा ट्रिमर उलटा करून प्लायच्या तुकड्याला लावतात. कडेची छोटी गोलाई करायला हरकत नाही. पण ते मशीन ३०,००० फेऱ्यांच्या आसपास पळतं, त्याच्याकडून मोठी कामं मागू नका.

आता स्विच. यावर मी थोडा थांबणार आहे, कारण माझ्या हाताशी त्याचा संबंध आहे. भारनियमनाच्या काळातली गोष्ट. काम चालू असताना लाइट गेली. मशीन थांबलं. मी म्हटलं, तेवढ्यात बिट बदलू. स्विच चालूच राहिलेला, प्लगही तसाच. नट सैल केला, बिट काढलं, दुसरं घातलं, आवळलं. पाने काढून बाजूला ठेवले आणि लाइट आली. मशीन माझ्या मनगटापासून वीतभर अंतरावर पूर्ण वेगात सुरू झालं. दहा सेकंद आधी आली असती तर पाने नटावर होते आणि माझी बोटं पान्यांवर.

गावाकडे शेतकरी विहिरीच्या मोटरीला ऑटो स्विच लावतो. रात्री-अपरात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून. आपल्याला याच्या बरोब्बर उलटं हवंय. लाइट गेली की स्विच पडला पाहिजे, आणि परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत मशीन मुकं राहिलं पाहिजे. असे नो-व्होल्ट स्विच मिळतात. ते टेबलाच्या पुढच्या बाजूला, मांडीनं किंवा गुडघ्यानं बंद करता येतील असे लावा, म्हणजे लाकडावरचा हात काढावा लागत नाही. राउटरचा स्वतःचा स्विच टेबलाखाली अंधारात असतो, अडचणीच्या वेळी तो सापडत नाही. आणि नो-व्होल्ट स्विच बसवला तरी बिटाला हात लावण्याआधी प्लग काढायचाच. काढलेला प्लग टेबलावर डोळ्यांसमोर ठेवा.

प्रत्यक्ष कापताना एका पासला एक सूत, म्हणजे तीनेक मिलिमीटर, कडक लाकडात त्याहून कमी. १२ मिलिमीटर खोल खाच हवी असेल तर चार-पाच पास करा आणि शेवटचा अगदी अर्ध्या मिलिमीटरचा ठेवा, कड काचेसारखी येते. आवाज ऐकत राहा. मोटरचा आवाज दबला की तुम्ही फार खोल किंवा फार जोरात जाताय. आवाज मोकळा आहे पण जळका वास येतोय, तर फार हळू जाताय किंवा धार गेलीय. सागात सिलिका असते, ती धार खाते, म्हणून सागासाठी कार्बाईडचीच बिटं घ्या. चौकटीच्या चारही कडांना गलता मारायचा असेल तर आधी आडव्या रेषांची टोकं, म्हणजे जिथे लाकडाचे रेषे आडवे कापले जातात त्या बाजू मारा, मग लांब बाजू. टोकाला फुटलेला कोपरा लांब बाजू मारताना निघून जातो.

छोटा तुकडा हातानं धरायचाच नाही. बारीक पट्टीला गोलाई हवी असेल तर रुंद फळीच्या कडेला ती मारा आणि मग पट्टी करवतीनं कापून वेगळी करा. लाकूड फेन्सला दाबून ठेवायला फेदरबोर्ड लावा. तो साध्या लाकडातून घरी कापता येतो, फणीसारखा. बेअरिंगच्या, म्हणजे लाकडाला टेकून फिरणारी कडी असलेल्या बिटानं वळणदार आकार करताना फेन्स नसते, तेव्हा टेबलात पिन लावा, लाकूड आधी पिनला टेकवा आणि मग हळू बिटाकडे वळवा. हातमोजे नकोत. मनगटातला गंडा-दोरा, बांगड्या, ओढणी, सैल बाही, सगळं काढून किंवा खोचून या.

भुश्शाबद्दल दोनच वाक्यं, पण मनापासून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकली. रुमाल बांधून ती बारीक धूळ अडत नाही, फेन्सच्या मागे व्हॅक्यूमची नळी लावा आणि चांगला मास्क घाला, एमडीएफला तर नक्कीच.

आता मी मशीन सुरू करून दाखवतो. टेबलाच्या दोन्ही टोकांच्या रेषेत जे बसलेत त्यांनी कृपया उठा. लाकूड सुटलं तर त्याच रेषेत जातं. समोरून बघू नका, समोरून माझी उजवी तुम्हाला डावी दिसेल. सगळे माझ्या पाठीमागे या, म्हणजे माझं उजवं-डावं तेच तुमचं. चष्मे घाला, कानात बोळे घाला. घातले? मग प्लग लावतोय.