मॅजिस्ट्रेटच्या हातात बेड्या

नमस्कार, श्रोतेहो. न्यायाधीशाची खुर्ची कायद्यानं कशी राखली आहे, हा आजचा विषय. वरच्या न्यायालयांचं आधी उरकून घेतो, कारण मला लवकर नडियादला घडलेल्या एका गोष्टीकडे यायचं आहे.

सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला सरकार आपल्या मर्जीनं घरी पाठवू शकत नाही. गैरवर्तन किंवा असमर्थता सिद्ध व्हावी लागते. मग संसदेच्या दोन्ही सभागृहांत ठराव, त्याला एकूण सदस्यांचं बहुमत हवं आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश बाजूला हवेत. १९९३ साली न्यायमूर्ती रामस्वामींविरुद्धच्या ठरावाला लोकसभेत १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही, तरी ठराव पडला. सत्ताधारी बाकांनी मतच दिलं नव्हतं.

तालुक्याच्या कोर्टातल्या न्यायाधीशासाठी काही संसद भरत नाही. त्याची बदली, बढती, रजा, शिस्त हे सगळं उच्च न्यायालयाच्या हाती, घटनेचं कलम २३५. पुन्हा सांगतो, मंत्र्याच्या नाही, कलेक्टरच्या नाही, उच्च न्यायालयाच्या हाती. (आणि सिनेमात दाखवतात तो हातोडा आपल्या कोर्टात नसतो. त्या मंडळींना एकदा खऱ्या कोर्टात दिवसभर बसवायला हवं.)

पण पोलिसानंच न्यायाधीशाला त्रास दिला तर काय? तो तर रोज कोर्टाच्या दारात.

गुजरातेतलं नडियाद, १९८९ साल. तिथले मुख्य न्यायदंडाधिकारी एन. एल. पटेल. पोलीस समन्स बजावत नाहीत, वॉरंट बजावत नाहीत, अशी तक्रार त्यांनी वरिष्ठांकडे लेखी केली. झालं, शहर ठाण्याचा निरीक्षक आणि हे साहेब यांचं वाकडं आलं. २५ सप्टेंबरला तोच निरीक्षक चेंबरमध्ये आला, गोड बोलला. एका खटल्याचे कागद ठाण्यात आहेत, साहेब, आपणच येऊन बघा, आमच्या माणसांनाही बरं वाटेल. रात्री साडेआठच्या सुमारास घरी जीप आली. पटेल बसले.

ठाण्यात त्यांच्यासमोर दारू ठेवली. नको म्हणाले, तर मारलं, जबरदस्तीनं पाजली. गुजरातेत दारूबंदी, आणि कायदा कुठला, तर आपल्या जुन्या मुंबई राज्याचा, १९४९ चा. म्हणजे गुन्हा तयार! मग बेड्या घातल्या, वर दोरखंडानं बांधलं, आणि तसंच इस्पितळात नेलं. व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलं, लोकांनी बघावं म्हणून. फोटोग्राफर बोलावला. फोटो वर्तमानपत्रांत छापून आले. पंचनाम्यावर सही कोणाची? मामलेदाराची! हुकमी पंच ही आपल्याकडची जुनी कीड आहे, पण निदान मामलेदारानं तरी वाचून सही करावी की नाही?

देशभर वकील आणि न्यायाधीश खवळले. दिल्लीच्या न्यायिक अधिकाऱ्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सहाय यांना चौकशीला पाठवलं. त्यांनी साक्षीपुरावे तपासले आणि पोलिसांची कहाणी रचलेली ठरली. १९९१ मध्ये निकाल आला. पटेलांवरचे गुन्हे रद्द. निरीक्षकाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांची साधी कैद, आणि मामलेदारसाहेबही शिक्षेतून सुटले नाहीत.

त्याच निकालात नियम घातले गेले. न्यायाधीशाला अटक करायची तर आधी जिल्हा न्यायाधीशाला किंवा उच्च न्यायालयाला कळवा. लक्षात ठेवा, आधी कळवा. जिल्हा न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय ठाण्यात नेऊ नका. जबाब, पंचनामा, वैद्यकीय तपासणी, सगळं त्याच्या वकिलासमोर किंवा बरोबरीच्या न्यायिक अधिकाऱ्यासमोर. बेड्या नाहीत. तो अंगावर धावून आला तर गोष्ट वेगळी, पण तेही ताबडतोब वर कळवायचं. गुन्हा केला तर न्यायाधीशावरही खटला चालतो, हे न्यायालयानं स्पष्टच म्हटलंय.

आणि एक बंधन न्यायाधीशांवरही घातलं, मला तेच सगळ्यांत आवडतं. कामाशिवाय कुठल्याही न्यायिक अधिकाऱ्यानं आपणहून पोलीस ठाण्याची पायरी चढायची नाही. कागद बघायचे असतील तर कोर्टात मागवायचे. नमस्कार.