खिशातलं भोक

(पडद्यावर: हेलकावे खाणारं जहाज. डेकवर दाटीवाटीनं बसलेली, गाठोडी सांभाळणारी माणसं.)

जहाजाच्या कठड्यावरून एक माणूस बाहेर ओणवलाय. पाठ आपल्याकडे, पाय हवेत. बिचाऱ्याला बोट लागलीय, असं आपण म्हणेपर्यंत तो वळतो. हातात गळाला लागलेला मासा!

चार्ली चॅप्लिनचा 'द इमिग्रंट', जून १९१७. वीस-पंचवीस मिनिटांचा मूकपट. जेवणघरात सुपाची एकच बशी टेबलावर या टोकाकडून त्या टोकाला घसरते आणि दोघंजण तीतून आळीपाळीनं चमचे मारतात. त्यासाठी आख्खा सेटच डोलणारा बांधला होता.

खरं तर चित्रीकरण सुरू झालं तेव्हा या गोष्टीत जहाज नव्हतंच. आधी झाला हॉटेलातला प्रसंग. मग प्रश्न आला, हा भणंग चार्ली आणि हॉटेलात त्याला भेटणारी पोरगी एकमेकांना ओळखतात ती कुठली? उत्तर म्हणून जहाज आलं. म्हणजे आपण पाहतो तो पूर्वार्ध मागाहून सुचलेला! न वापरता बाजूला टाकलेल्या, पण जपून राहिलेल्या फिल्मवरून केविन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल या चित्रपट-अभ्यासकांनी १९८३ साली हे उलगडून दाखवलं.

(पडद्यावर: स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा.)

पुतळा दिसतो. सगळे टक लावून बघतात. आणि लगेच अधिकारी येऊन या माणसांना दोरखंडानं अडवतात, गुरं दावणीला बांधावीत तसं. चार्ली संधी साधून एका अधिकाऱ्याच्या ढुंगणावर लाथ हाणतो.

त्याच वर्षी, ५ फेब्रुवारीला, अमेरिकेच्या संसदेनं राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकार डावलून नवा कायदा केला होता. सोळा वर्षांवरच्या स्थलांतरितांना वाचता आलंच पाहिजे, आणि आशियाच्या मोठ्या पट्ट्यातल्या मजुरांना दारच बंद. त्या पट्ट्यात हिंदुस्थानही होता. तेव्हा या दोरखंडामागे उभं राहण्याचीसुद्धा आपल्या मजुराला मुभा नव्हती.

दोरखंडाचं दृश्य गाजलं, आणि ते योग्यच. पण मला विचाराल तर सिनेमा खिशात आहे.

(पडद्यावर: हॉटेल. समोर बीन्सची बशी.)

चार्लीला रस्त्यात एक नाणं सापडतं. तो ते खिशात टाकतो. खिसा फाटका, नाणं खाली. याचा त्याला पत्ता नाही. आत जाऊन ऐटीत बीन्स मागवतो. तिथे जहाजावरची ती पोरगी भेटते. जहाजावर तिची आई आजारी होती. आता तिच्या हातात काळ्या काठाचा रुमाल, म्हणजे तिकडची सुतकाची खूण. कुणी काही सांगत नाही. चार्ली रुमालाकडे बघतो, आपल्यालाही कळतं.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला वेटर मंडळी बदडून काढतात. गुन्हा काय? बिलात दहा सेंट कमी पडले. चार्ली हळूच खिसा चाचपतो.

यांतला मुख्य वेटर म्हणजे एरिक कॅम्पबेल, भुवयांची झुडपं लावलेला धिप्पाड गडी. खाली पडलेलं एक नाणं चार्ली मोठ्या शिताफीनं मिळवतो. वेटर ते दातानं वाकवून दाखवतो. खोटं!

मग एक चित्रकार टेबलाशी येतो. बिल मी देतो, म्हणतो. चार्ली म्हणतो, छे छे, कशाला! आपल्याकडच्या आग्रहासारखंच चालतं: एक नकार, दुसरा नकार... आणि चित्रकार चक्क आग्रह सोडतो. त्या क्षणीचा चार्लीचा चेहरा बघा.

शेवटी चित्रकारानं वेटरसाठी ठेवलेल्या बक्षिसीतूनच चार्ली आपलं बिल भागवतो.

(पडद्यावर: बाहेर धो धो पाऊस. लग्नाचा परवाना देणाऱ्या कचेरीचं दार. ती आढेवेढे घेते; चार्ली तिला उचलून आत नेतो.)