गोळा फेकणारी बोटं

श्रोतेहो, नमस्कार.

लहानपणी आम्हाला पेटी शिकवायला एक मास्तर यायचे. व्हॉलीबॉल खेळून आलं की आधी हात पुढे करायला लावायचे. "बोटं जड झाली तुझी. एक काय ते ठरव. खेळ, नाहीतर पेटी." मी पेटी सोडली. व्हॉलीबॉलही जमलं नाही, ते सोडा. पण मास्तर आज असते, तर त्यांना मिशलीन ओस्तरमेयर या फ्रेंच बाईंची गोष्ट ऐकवली असती.

जन्म १९२२ चा, उत्तर फ्रान्समधला. बालपण ट्युनिशियात. चौदाव्या वर्षी पियानो शिकायला पॅरिसच्या संगीत विद्यालयात. महायुद्ध आलं तशी पोरगी ट्युनिसला परतली, आणि तिथल्या रेडिओवर दर आठवड्याला तिचं पियानोवादन होऊ लागलं. अर्धा तास! हा अर्धा तास लक्षात ठेवा. मैदानाची गोडीही तिथलीच.

आता १९४८. लंडन ऑलिंपिक. युद्धाने शहर खंगलेलं, रेशन चालू, खेळाडू बराकींत आणि कॉलेजांत उतरलेले. आपले खाशाबा जाधव याच ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले होते. त्या सहाव्या नंबराचं कौतुक आपण फार उशिरा केलं, असं माझं मत आहे. असो.

तर मिशलीन. थाळीफेक तिने काही आठवड्यांपूर्वीच हातात घेतलेली. फेकली ४१.९२ मीटर. सुवर्ण! मग गोळाफेक. बायकांची गोळाफेक ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. गोळा चार किलोचा. वाण्याकडची किलोकिलोची चार साखरेची पाकिटं एका हातात धरून बघा. आणि गोळा तळहातावर पेलायचा नसतो बरं का. मानेशी टेकवायचा, बोटांच्या बुडाशी धरायचा, आणि सुटताना शेवटचा झटका बोटांनीच द्यायचा. बोटांनीच! गेला १३.७५ मीटर. दुसरं सुवर्ण.

आणि हा विजय तिने साजरा कसा केला? फ्रेंच संघाच्या मुक्कामी पियानोवर बसली आणि बेथोव्हन वाजवला. आयत्या वेळी. चार किलोचा गोळा ढकलणारी तीच बोटं पट्ट्यांवर. मास्तर, ऐकताय ना? तीच बोटं!

एवढ्यावर थांबली नाही. उंच उडीत १.६१ मीटर मारून कांस्य. गोळाफेकीला अंगात वजन लागतं, उडीला अंग हलकं लागतं. दोन्हीत पदक म्हणजे पहिलवानाने लावणीतही बक्षीस घ्यावं तसं. १९५० च्या युरोपियन स्पर्धेत गोळाफेकीत कांस्य, आणि वर ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतही. त्यानंतर लवकरच मैदान सुटलं.

पुढे पियानोच. पण संगीतवाल्यांना ही गोळाफेकीची बाई पचेना. फ्रान्झ लिस्ट म्हणजे पियानोवर घाम काढणारा संगीतकार. त्याच्या रचना तिने सहा वर्षं मैफलीत टाळल्या. का? तर त्या फार 'खेळाडू' वाटतील म्हणून! आपल्याकडेही गाणारा माणूस पोहतो म्हटलं की लोक भुवया उंचावतात. नंतर तिने लेबनॉनमध्ये संसार केला, फ्रान्सला परतून मुलांना पियानो शिकवला, आणि २००१ साली गेली.

अजून बरंच सांगायचं होतं. पण तिला रेडिओवर अर्धा तास मिळायचा, मला मिळतात चार मिनिटं. नमस्कार.