पडवीची पूर्वेकडची खिडकी

[दृश्य: सकाळ. कौलारू घर. खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला छोटा राउटर.]

या घरात पाहुण्याला आधी पाणी विचारतात, मग रेंजची जागा दाखवतात. पडवीतली ही पूर्वेकडची खिडकी. राउटरमध्ये एक सिमकार्ड, आणि त्यावर सगळं घर. पुण्यातल्या कंपनीत काम करणारा इथला मुलगा २०२०च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गात गावी आला, तो राहिलाच. त्याचं ऑफिस म्हणजे ही खिडकी.

माजघरात का नाही बसत? भिंती बघा. चिऱ्याच्या, हातभर जाड. टॉवरकडून येणाऱ्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्यांत, म्हणजे मेगाहर्ट्झमध्ये, मोजतात. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. पण त्या पट्ट्यात जागा थोडी, म्हणून वेग बेताचा. २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झला वेग मुबलक, पण चिरा आणि फणसाची दाट पानं आडवी आली की त्या लहरी लवकर दमतात. पावसाळ्यात झाडं भरतात, आणि राउटर वरच्या गजावर सरकतो.

[दृश्य: टेकाडावरचा टॉवर. खाली वाडी.]

भारतात ब्रॉडबँड वापरणाऱ्या शंभरांतले नव्वदहून अधिक जण मोबाईलवरच आहेत. त्याला आपण बिनतारी म्हणतो, ते अर्धंच खरं. बऱ्याच टॉवरपर्यंत वायर आलेलीच असते. बिनतारी असतो तो शेवटचा टप्पा, आणि तो गावच्या पाणंदीसारखा सामाईक. एक बैलगाडी असेल तर मोकळी, दहा आल्या की सगळ्याच खोळंबल्या.

ही पाणंद कधी तुंबते ते वाडीला पाठ आहे. रात्री नऊला. आणि गणपतीत. मुंबईचे चाकरमानी उतरतात, घराघरांत पंधरा-पंधरा फोन, आरतीचे व्हिडिओ, सावंतवाडीपर्यंतच्या भावकीला व्हिडिओ कॉल. टॉवर तोच, एकच. त्या दिवसांत हा मुलगा पहाटे चारला उठून काम पाठवतो.

दुसरी अडचण हिशेबाची. रोजचे २ जीबी. व्हिडिओ कॉल चांगल्या दर्जाचा असेल तर तासाला साधारण १ जीबी जातो. म्हणजे दोन मीटिंगांत दिवस संपला. पुढे वेग ६४ केबीपीएसवर. त्यात मजकुराचा मेसेज जातो, फोटो वाट बघत बसतो. रिचार्ज २८ दिवसांचा, म्हणजे सगळे मिळून ५६ जीबी. शहरातल्या फायबरच्या कनेक्शनला महिन्याची मर्यादा बहुधा ३३०० जीबी. (महिना २८ दिवसांचा कुणी केला, हे आजी दर रिचार्जला विचारते. उत्तर कुणाकडेच नाही.)

[दृश्य: डांबरी रस्ता. विजेच्या खांबांवरून लोंबणारी केबल.]

मग वायर का घेत नाही? ती या डांबरी रस्त्यापर्यंत आली आहे. पुढे दोन व्हाळ आणि गर्द राई. खांबांवरून ओढली, तरी जूनमध्ये एक फांदी पडली की जोडणारा माणूस येईपर्यंत बसून राहायचं. अर्थात टॉवरही अमर नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत खांब आडवे केले, तेव्हा वीज गेली आणि टॉवरही मुके झाले. टॉवर बॅटरीवर किंवा डिझेलवर चालतो तो काही तासच.

२०२३मध्ये मुंबई-पुण्याला छतावर डबी बसवून ५जी थेट घरात देणारी सेवा सुरू झाली. इथे फोनवर अजून ४जीचंच चिन्ह दिसतं. मुलाने मात्र एक बांबू आणून ठेवलाय, कौलांवर अँटेना चढवायला.

[दृश्य: संध्याकाळ. गौरी-गणपतीचं विसर्जन आटोपलं आहे. एसटीच्या जादा गाड्या.]

गाड्या परत निघाल्या. आजी पायरीवर बसून शेवटचा लाल दिवा वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. आत पडवीत मुलाने लॅपटॉप उघडला. चार दिवस अडकलेली फाइल दोन मिनिटांत गेली.

"गेली?" आजीने बाहेरून विचारलं.

"गेली," तो म्हणाला. कशाबद्दल विचारलं, ते त्याने विचारलं नाही.