वैशाखातलं टोपडं

(गॅलरी. सकाळचं ऊन. सुपात दोऱ्याचे गुंडे, शेजारी दोन सुया आणि मापाची टेप.)

नवा दोरा हातात दिला की आत्या त्याचा रंग नंतर बघते. आधी टोक मोकळं करून वरच्या ओठावरून फिरवते, मग मनगटाच्या आतल्या बाजूने. "बोटांवर विश्वास ठेवू नकोस गं," ती मला म्हणाली. "इतकी वर्षं कपडे धुतलेली, भाकऱ्या थापलेली बोटं ही. यांना सुतळीसुद्धा मऊ लागेल. ओठाला टोचलं, की बाळाच्या मानेला टोचणारच."

माझी धाकटी बहीण बाळंतपणासाठी अकोल्याला, माहेरी गेली आहे. बाळ वैशाखात येणार. वैशाखात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. बारशाला माझ्या हातचं काहीतरी असावं म्हणून मी पुण्यात आत्याकडे क्रोशा शिकायला आले, तेव्हा पिशवीतून लोकर घेऊन आले होते. फिकट पिवळी, कापसासारखी फुललेली, वेष्टनावर झोपलेल्या बाळाचं चित्र. दुकानात बाळाची लोकर म्हणूनच दिली होती.

आत्याने त्यातला इंचभर तुकडा कापला, चिमट्यात धरला आणि काडी ओढली.

(जवळून: चिमटा, ज्योत, खाली स्टीलची ताटली.)

दोरा आधी ज्योतीपासून मागे आक्रसला, मग वितळत पेटला. विझल्यावर टोकाला काळा कडक मणी राहिला, नखाने दाबला तरी फुटेना. हे अ‍ॅक्रिलिक. मग तिने आपल्या डब्यातला सुती दोरा धरला. तो भुर्रकन पेटला, कागद जळल्याचा वास आला, आणि ताटलीत राखाडी राख पडली, फुंकर मारताच उडून जाणारी. तिसरा धागा तिच्या जुन्या काश्मिरी शालीचा. तो कुरकुरत जळला, काडी बाजूला घेताच आपणहून विझला, आणि गॅलरीभर जळक्या केसांचा वास पसरला. लोकर म्हणजे जनावराचे केसच, मग वास वेगळा कुठून येणार? तुम्हीही हे करून बघू शकता. तुकडा इंचभरच घ्या, खाली धातूची ताटली ठेवा आणि हाताशी पाण्याचा तांब्या असू द्या.

आपल्याकडे विणायच्या कुठल्याही जाडसर धाग्याला सरसकट लोकर म्हणायची पद्धत आहे, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. बाजारातली स्वस्त, रंगीबेरंगी लोकर बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेल्या धाग्याची असते. तिचे गुणही आहेत. हलकी असते, रंग टिकतो, धुवायला सोपी, आटत नाही. नाशिकच्या डिसेंबरात, आत सुती झबलं घालून वर अ‍ॅक्रिलिकचं स्वेटर घातलं तर काहीच बिघडत नाही. पण हा धागा घाम शोषत नाही. अकोल्याच्या उन्हाळ्यात तो थेट बाळाच्या अंगावर घातला, तर मानेच्या वळ्यांत घामोळं उठायला एक दुपार पुरते. मला हे मनापासून खटकतं. आपण बाळासाठी विणतो, आणि विणताना विचार मात्र फोटोत काय छान दिसेल याचा करतो.

(बोहरी आळी. दुकानांसमोरची गर्दी, रिळं, लेसचे गठ्ठे.)

म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बोहरी आळीत. आत्याला हवा होता सुती दोरा, पण सुती म्हटलं तरी प्रकार अनेक. तोरणं, रुमाल, टेबलक्लॉथ विणायचा तो चकचकीत, पिळदार दोरा मर्सराइज्ड असतो. एकोणिसाव्या शतकात जॉन मर्सर या इंग्रज माणसाने सुती धाग्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधली, तिला त्याचंच नाव पडलं. त्या प्रक्रियेने दोरा मजबूत होतो, रंग छान धरतो, चमकतो. तोरणाला तो उत्तम, कारण तोरण दारावर ताठ राहायला हवं. तान्ह्या बाळाच्या कानामागे ताठपणा काय कामाचा? तिथे बिनचमकीचा, सैल पिळाचा सुती दोरा हवा. त्यातही धागे विंचरून आखूड तंतू काढून टाकलेला मिळाला, तर फारच छान. तो अंगाला गुळगुळीत लागतो आणि त्याला गोळे कमी येतात.

बांबूचा दोराही दुकानदाराने दाखवला. हाताला गार, रेशमासारखा. मात्र बांबूच्या लगद्यातून काढलेला हा धागा बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे लगदा रसायनांत विरघळवून बनवलेला, असतो. ओला झाला की कमजोर पडतो आणि कपडा लोंबतो. दिवसातून तीनदा धुतल्या जाणाऱ्या झबल्याला तो आम्ही नको म्हटलं. मोहेर, अंगोरा यांसारखे केसाळ धागे तर हातात घ्यायचीही गरज नाही. त्यांचे सुटे केस बाळाच्या नाकातोंडात जातात.

वेष्टनावर लिहिलेलं वाचायला वेळ द्या. '४ प्लाय' म्हणजे चार धागे एकत्र पिळलेत, एवढंच. ते चार धागे मुळात बारीक की जाड, हे त्यावरून कळत नाही. दोन कंपन्यांचा ४ प्लाय शेजारी ठेवला तर एक दुसऱ्याहून चांगलाच जाड निघू शकतो. बारीक क्रोशाच्या दोऱ्याचे नंबर तर उलटे चालतात: ४० नंबर हा २० नंबरपेक्षा बारीक. आणि लॉट नंबर. एकाच रंगाचे गुंडे वेगवेगळ्या वेळी रंगवले की छटेत फरक येतो. तो दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, गॅलरीतल्या उन्हात दिसतो. आत्याने चारही गुंड्यांचे लॉट नंबर चष्मा चढवून जुळवले आणि दुकानदाराला म्हणाली, "याच लॉटचा आणखी एक असेल तर तोही द्या."

घरी आल्यावर दोऱ्याचं टोक ओलं करून पांढऱ्या रुमालात दाबून धरलं. रंग उतरला नाही. मग सुई.

(हात. आत्याचे आणि माझे, शेजारी शेजारी.)

क्रोशाची सुई एकच, टोकाला आकडी. क्रोशे हा शब्दच फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. विणकामाच्या दोन सुयांवर सगळेच्या सगळे टाके उघडे असतात, सुई निसटली तर जीव खाली पडतो. क्रोशात एका वेळी एकच टाका जिवंत असतो. बाळ रडलं, हातातलं ठेवून पळावं लागलं, तरी फार तर तो एक फास सुटतो. घरात तान्हं बाळ असलेल्या बाईसाठी यासारखी दुसरी कला मला सुचत नाही. आणि अजूनही खरा क्रोशा यंत्रावर होत नाही. दुकानात शेदोनशे रुपयांत खऱ्या क्रोशाचा टॉप दिसला, तर तोही कुणीतरी बाईने टाका-टाका हातानेच विणलेला असतो. त्या किमतीत तिच्या वाट्याला काय आलं असेल?

सुरुवात साखळीने. फासात सुई, दोरा आकडीत घ्यायचा, फासातून बाहेर. माझी पहिली साखळी इतकी घट्ट झाली की परत सुईच शिरेना. आत्या म्हणाली, "दोऱ्याला ओढू नकोस, त्याला येऊ दे."

मग मुका खांब: सुई टाक्यात घाला, दोरा बाहेर काढा, सुईवर दोन फास दिसतील, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर. बुटका, घट्ट टाका. त्याहून उंच अर्धा खांब. आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा, मग सुई टाक्यात घालून दोरा बाहेर, आता सुईवर तीन फास, आणि दोरा तिन्हींतून एका दमात बाहेर. पूर्ण खांबात तेच तीन फास दोन-दोन करून सोडवायचे. एवढंच. बाळाच्या कपड्यांना याहून जास्त टाके लागत नाहीत.

मोबाइलवर बघून शिकणाऱ्या मुली एका ठिकाणी हमखास अडखळतात. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकेत सिंगल क्रोशे म्हणतात, आणि त्याच टाक्याला इंग्लंडमध्ये डबल क्रोशे. अमेरिकेतला डबल म्हणजे आपला पूर्ण खांब, तो इंग्लंडमध्ये ट्रेबल. कृती कुठल्या देशातली हे न बघता विणायला बसलं, तर टोपडं भलत्याच मापाचं होतं. मराठी नावं मनात धरा. मुका, अर्धा, पूर्ण. उंचीच सांगतात ती.

टोपड्याला आत्याने अर्धा खांब निवडला. मुक्या खांबाची वीण सुती दोऱ्यात पुठ्ठ्यासारखी होते, आणि पूर्ण खांबाच्या भोकांतून बोट आरपार जातं. अर्धा खांब लवचीक, दाट, तरी हवा खेळती ठेवणारा. सुई ३ मिलिमीटरची. आधी १० सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणला, धुतला, वाळवला, मग मोजला. १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके.

(वहीचं पान. पेन्सिलीने केलेला हिशोब.)

आता गणित, आणि मला सगळ्यात आवडलेला भाग. पूर्ण दिवसांच्या नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर. वीण ताणली जाते, म्हणून टोपडं घेरापेक्षा २ सेंटिमीटर कमी. आम्ही ३२ धरलं. ३२ भागिले ३.१४, म्हणजे साधारण १० सेंटिमीटर. तेवढ्या व्यासाची सपाट चकती आधी विणायची, मग टाके न वाढवता सरळ खाली उतरायचं. माथ्यापासून काठापर्यंत १२ सेंटिमीटर झाले की बास.

चकतीची सुरुवात दोऱ्याच्या वेढ्यात ८ अर्ध्या खांबांनी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले १६. तिसरीत एकाआड एक दोन, २४. पुढे प्रत्येक फेरीत आठच वाढवायचे: ३२, ४०, ४८. नवव्या फेरीला ७२ टाके, आणि १० सेंटिमीटरला २२ या हिशोबाने ते बरोबर ३२-३३ सेंटिमीटर भरतात. माझी चकती पाचव्या फेरीतच वाटीसारखी वर वळली. आत्याने न मोजता सांगितलं, "वाढवायला विसरलीस." मोजले तर खरंच ३६ निघाले. वाढ कमी पडली की वाटी होते, जास्त झाली की कडेला झालर पडते. चूक मोजायच्या आधी डोळ्यांना दिसते. उसवलं. क्रोशा उसवायला एक टोक ओढलं की पुरतं, सरसर येतो. मी त्या आठवड्यात तीनदा उसवलं आणि चौथ्यांदा चकती टेबलावर पोळीसारखी सपाट बसली.

"पण एवढ्या उन्हाळ्यात टोपडं हवंच कशाला?" हे मी विचारलं होतं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या चौथा हिस्सा असतं. जन्मतः अंग ओलं, खोलीत बहुधा एसी, आणि अंगातली ऊब त्या एवढ्या मोठ्या डोक्यावाटे निघून जाते. म्हणून दवाखान्यात पहिले काही तास टोपडं लागतं, आणि कमी वजनाच्या बाळांना तर आईच्या छातीशी बांधून ठेवतानाही डोक्यावर टोपी घालतात. घरी आल्यावर, गरम खोलीत, झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर मात्र ते ठेवायचं नाही. आत्याला हे पटायला वेळ लागला. तिच्या पिढीत कुंची आणि टोपडं चोवीस तास असायचं.

नाडीवरून तर आमचं थोडं वाजलंच. तिच्या सगळ्या टोपड्यांना हनुवटीखाली बांधायची विणलेली नाडी होती. युरोपात लहान मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि कपड्यालाच जोडलेल्या टोपीला नाड्या लावायला सुरक्षेच्या नियमांनी मनाई आहे, कारण त्या अडकून गळ्याला फास बसू शकतो. मी तिला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग विणून ठेवलेली नाडी तिने उसवून गुंड्यावर गुंडाळली. काठाला मुक्या खांबाच्या दोन फेऱ्या घातल्या, त्यांनीच टोपडं जागेवर राहतं. गोंडा नाही, मणी नाही, बटण नाही.

(टोपडं उलटं करून. दाभणाएवढी जाड, बोथट सुई.)

आतली बाजू बघा. दोऱ्याचं टोक हातभर सोडून कापलं आणि टाक्यांच्या आतून एकदा डावीकडे, मग परत उजवीकडे, पुन्हा डावीकडे ओवलं. एका दिशेने ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. पायमोज्यात हे फारच जपायचं असतं. आत सुटलेला दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला, तर बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि बाळ नुसतं रडत राहतं, मोज्याच्या आत काय झालंय ते दिसत नाही. म्हणून घालण्याआधी प्रत्येक मोजा उलटा करून बघायचा.

टोपडं साध्या साबणात धुतलं आणि उपड्या वाटीवर वाळत ठेवलं. मग आत्याने बिनबाह्यांचं झबलं घेतलं, गळ्यापासून खाली उतरत जाणारं. दोऱ्याचा पाचवा गुंडा तिने कागदात गुंडाळून, वर लॉट नंबर लिहून ट्रंकेत ठेवला.

(चार महिन्यांनंतर. तीच गॅलरी, बाहेर पाऊस. मधे पाळणा.)

बहीण बाळाला घेऊन पुण्याला आली आहे. टोपडं केव्हाच लहान झालं. झबलं छातीला बसतं, पोटावर मात्र चार बोटं तोकडं पडतं. आत्याने ट्रंक उघडायला लावली. खालच्या काठाची गाठ सोडवली, शेवटचा टाका सुईवर घेतला, कागदातल्या गुंड्याचं टोक जोडलं. बाळ जागं होईपर्यंत तिच्या तीन ओळी विणून झाल्या होत्या.